नाक बदलून घ्यायचं की आहे ते आपलं म्हणायचं?

माझं नाक आत्यावर गेलंय. बसकं, नाकपुड्या रुंद. लग्नाच्या खरेदीत नथ लावून बघताना आई हळूच म्हणाली, "जरा लहान मोत्यांची बघूया." मी आरशासमोरून उठलेच. पुढे दोन वर्षं दोन्ही पर्याय डोक्यात घोळत होते.

शस्त्रक्रियेला मी नावं ठेवणार नाही. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या गाडीवानाची हकिगत छापून आली होती. त्याचं कापलेलं नाक आपल्या पुण्याकडच्या कारागिराने कपाळाची कातडी वापरून पुन्हा घडवलं होतं. श्वास अडत असेल, अपघात झाला असेल, तर डॉक्टरांकडेच जा. पण निव्वळ आकारासाठी? भूल, खर्च, आणि सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागतं. शिवाय पस्तावलो तर जुनं नाक परत मिळत नाही.

स्वीकारायला पैसे लागत नाहीत, वेळ मात्र खूप लागतो. मला आधार दिला तो एका माहितीने. फूटभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गणिताने दाखवलं. म्हणजे मी रोज सेल्फीतल्या ज्या नाकावर चिडत होते, ते समोरच्याला दिसतच नव्हतं! मी शस्त्रक्रियेचा विचार सोडला.

परवा आत्याची नथ घातली. मोठ्या मोत्यांची, ठसठशीत. या नाकावर ती अगदी नीट बसते.