यामाहा एन्ड्युरो ४०: उघडायचं की बदलायचं?

होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन: दोन सिलिंडर, ७०३ सीसी, टू-स्ट्रोक. पेट्रोल भरपूर पितं आणि ५० लिटरला १ लिटर ऑइल मिसळावं लागतं. तरीही छोट्या होडीसाठी हे इंजिन आम्ही सुचवतो, कारण ते किनाऱ्यावर उघडून पुन्हा जोडता येतं. म्हणून बंद पडलं की लगेच नव्याचा भाव विचारायला जाऊ नका.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरी इंजिनच्या धातूला टेकवून अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून चार-पाच वेळा दोरी ओढा. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांच्या आत असेल तर दुखणं बहुधा कार्बोरेटरचं किंवा इग्निशनचं, म्हणजे किरकोळ. एकाच सिलिंडरचा दाब पडलेला असेल तर हेड काढून आतून नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं की बोअरिंग (सिलिंडर आतून थोडा मोठा कापणं) आणि त्याला बसणारा ओव्हरसाइज पिस्टन आलाच. पण इंजिन तापलं कशाने, हे शोधल्याशिवाय पिस्टन घालू नका. बऱ्याचदा वॉटर पंपाच्या इम्पेलरचं (थंड करणारं पाणी वर ढकलणाऱ्या पंख्याचं) रबर तुटून त्याचा तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो. नुसता इम्पेलर बदलला आणि तो तुकडा तसाच राहिला, तर नवा पिस्टनही जातो.

गिअर ऑइल दुधासारखं निघालं, म्हणजे त्यात पाणी शिरलं, तर घाबरू नका. प्रोपेलर काढा, बऱ्याचदा शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळून सील कापलेलं सापडतं. सील स्वस्त आहे, पण तसंच चालवत राहिलात तर बेअरिंग आणि गिअर गंजतात.

इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं असेल तर तासांचा हिशेब आहे. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढून दोरी हळू ओढा, आतलं पाणी काढा, ऑइल ओता. दोरी अडली तर जोर लावू नका. दोन-तीन दिवस तसंच पडून राहिलं तर क्रँकच्या बेअरिंगांवर गंज धरतो आणि खर्च वाढतो.

बदलायची वेळ येते ती ब्लॉकला भेग गेली, पाण्याची वाट आतून खाऊन सिलिंडरपर्यंत पोचली किंवा इंजिन होडीला धरणाऱ्या ब्रॅकेटचं अॅल्युमिनियम पोखरलं तर. हेडचे बोल्ट सोडताना एकापाठोपाठ एक तुटू लागले, तर तिथेच थांबा. मजुरीसकट खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर नवंच घ्या. जुनं मात्र भंगारात देऊ नका: त्याच मॉडेलचं नवं घेतलंत तर गिअरकेस, कार्बोरेटर आणि सीडीआय (इग्निशनचा इलेक्ट्रॉनिक डबा) त्याला बसतात.