अखेरच्या घटका मोजणाऱ्या हार्ड डिस्कसाठी डीडीरेस्क्यू

वडिलांच्या संगणकातील ५०० जीबीची हार्ड डिस्क एकेक फोटो उघडायला मिनिटभर घेऊ लागली, तेव्हा विंडोजची तपासणी न चालवता मी संगणक बंद केला. कारण त्या तपासणीत डिस्कवर लिहिले जाऊ शकते आणि उरलीसुरली माहितीही हातची जाण्याची भीती असते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून, जीएनयू प्रकल्पातील डीडीरेस्क्यू या मोफत प्रणालीने संपूर्ण डिस्कची प्रत मी नव्या डिस्कवर घेतली.

या प्रणालीची खरी करामत तिच्या क्रमात आहे. सहज वाचता येणारा भाग ती आधी उचलते, अडणारा भाग मागे ठेवते आणि शेवटी एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा, खरवडून काढते. प्रत्येक टप्प्याची नोंद ती मॅपफाइलमध्ये ठेवत असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागले नाही. पडद्यावरचा वाचलेल्या भागाचा आकडा हळूहळू वर सरकताना मी रात्री दोनपर्यंत पाहत बसलो होतो. आईचे जवळजवळ सगळे फोटो मिळाले.

मात्र सारे काम आज्ञा टाइप करून करावे लागते, आणि मूळ व नव्या डिस्कच्या नावांची अदलाबदल झाली तर सर्वस्व जाते. म्हणून नावे दोनदा पडताळावीत. डिस्कवर फाइली कुठे आहेत हे सांगणारी मांडणी (फाइल सिस्टीम) खराब झाली असेल, तर डीडीरेस्क्यू ती दुरुस्त करत नाही. अशा वेळी प्रतीवर फोटोरेक हे फाइली शोधून काढणारे सॉफ्टवेअर चालवावे लागते, ज्यात फाइलींची मूळ नावे सहसा टिकत नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हा प्रयोग न करता ती थेट माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत द्यावी.