मोहाखाली काडी की खराटा?

मार्च उजाडला की गडचिरोली-चंद्रपूरकडे पहाटे मोहफुलं टपकू लागतात आणि वेचायला झाडाखालची जमीन साफ लागते. काडी लावली की पाचोळ्याची घटकाभरात राख होते. खराट्याने झाडायचं तर सकाळ जाते, कंबर धरते. लोक काडी का लावतात, हे मला समजतं.

पण ती आग झाडाखाली थांबत नाही. वाळल्या पानांवरून जमिनीलगत सरकत पार डोंगरापर्यंत जाते. मोठा साग जाड सालीमुळे तगतो. बोटाएवढी रोपं, त्यात मोहाचीही आलीच, करपतात; पाचोळ्यात घातलेली रातवा पक्ष्याची अंडी जळतात. उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. दरवर्षी जळणाऱ्या रानात म्हातारी झाडं उभी दिसतात, तरणी शोधावी लागतात.

झाडलेल्या जागेवर फूल पिवळसर, स्वच्छ मिळतं, राखेतलं काळवंडतं. झाडाखाली चार खुंटांना जाळी बांधली तर वाकणंही वाचतं. जाळीला पैसे लागतात, पण ती पुढच्या हंगामातही वापरता येते. माझं मत खराट्याला, जमलं तर जाळीला. जाळायचंच असेल तर पाचोळा बुंध्यापासून दूर ओढून ढीग करा, भोवतीची जमीन साफ करा आणि शेवटची ठिणगी विझेपर्यंत तिथून हलू नका.