किल्ल्याजवळची जुनी घरं आणि ३ किलोवॅटचं सोलर पॅकेज

या पॅकेजला माझे गुण: स्लॅबच्या घरासाठी ५ पैकी ४, माळवदाच्या (लाकडी तुळया-फळ्यांवर माती टाकलेल्या छताच्या) घरासाठी १.

सोलापुरात सर्रास विकलं जाणारं ३ किलोवॅटचं पॅकेज साधारण असं असतं: ५४० वॅटचे ६ पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, अर्थिंग आणि नेट मीटरची (आलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरची) कागदपत्रं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान मिळायला पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेले हवेत, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. हद्दवाढीतल्या नव्या बंगल्याला एवढं पुरतं.

भुईकोट किल्ल्याच्या आसपास मात्र पुरत नाही. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीने. अंतर बुरुजापासून नाही, संरक्षित जागेच्या हद्दीपासून धरतात. मोबाईलच्या नकाशावर बोट ठेवून ‘तुम्ही बाहेर आहात’ म्हणणाऱ्यावर विसंबू नका. महावितरणची मंजुरी ही वीजजोडणीपुरती, तिने पुरातत्त्वाची परवानगी मिळत नाही. स्लॅबलगत ठेवलेले पॅनेल वेगळे आणि खाली वावरता यावं म्हणून ८ फूट खांबांवर उभारलेला सांगाडा वेगळा. दुसऱ्याने इमारतीची उंची वाढते, आणि परवानगीत उंची कठडा-टाकीसकट मोजतात. नकाशा व उंची जोडून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणासाठीचा अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे करायचा आणि लेखी उत्तर येईपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा नाही. बंदी मोडली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेही घरमालकाच्या माथी येऊ शकतं.

माळवदाला एकच गुण दिला तो छतामुळे. एक पॅनेल सुमारे २८ किलोचा, म्हणजे सहाचेच १६८, लोखंड वेगळं. पण खरा घात वजनापेक्षा वारा करतो. वळवाच्या वावटळीत पॅनेल वर ओढला जातो आणि अँकर धरायला खाली फक्त माती आणि फळ्या. भोक पाडलं की पहिल्याच पावसात तुळईपर्यंत ओल. उपाय एकच: भार भिंतींवर टाकणारे गर्डर, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने भिंती पाहिल्यावर. हा खर्च पॅकेजच्या किमतीत कधीच धरलेला नसतो!

पॅनेलचा कल दक्षिणेकडे १५ अंशांच्या आसपास ठेवा, कठड्यापासून ३ फूट आत. रस्त्यावरून फारसं दिसत नाही.

धुण्याची सोय मात्र आधीच विचारा. नळाला पाणी रोज नाही, म्हणून बोअरचं वापरलं जातं, आणि ते जड पाणी तापलेल्या काचेवर सुकलं की पांढरे डाग धरतात. पहाटे, काच गार असताना, नळाच्या साठवलेल्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा.