लाल शेरा

लिलावाच्या एका साइटवर सौदा झाला की दोघं एकमेकांना शेरा देतात, चांगला तो हिरवा, वाईट तो लाल. हिरव्यांचं प्रमाण म्हणून माझ्या नावापुढे ९५.८ टक्के असं दिसतं. ज्याने मला फसवलं त्याच्या नावापुढे ९९.४. हे असं का झालं, ते सविस्तर लिहून ठेवते आहे. जुन्या वस्तू बोली लावून घेणाऱ्यांनी निदान मधला भाग तरी वाचावा.

मला कॅमेऱ्याच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या मॅन्युअल लेन्सचं वेड आहे. ५० मिलिमीटर, एफ १.४, धातूची बॉडी, फोकसची रिंग लोण्यासारखी फिरणारी. अशी एक लेन्स मी कित्येक महिने शोधत होते आणि ती लिलावात आली. नऊ फोटो, प्रत्येक बाजूने. पुढच्या रिंगवर कोरलेला सीरियल नंबरसुद्धा स्पष्ट. वर्णनात लिहिलं होतं, ‘काचा स्वच्छ, बुरशी नाही, ॲपर्चर कोरडं.’ (ॲपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, त्याच्या पात्यांवर तेल उतरलेलं नको.) या छंदातल्या माणसाला ज्या तीन गोष्टींची भीती वाटते, नेमक्या त्याच तिन्ही. आता वाटतं, इतकं नेमकं लिहिणाऱ्याला भीती कुठे असते ते चांगलंच ठाऊक होतं.

सेलरला १४१२ हिरवे शेरे आणि ८ लाल. मी टक्के पाहिले आणि पुढे गेले.

बोलीबद्दल थोडं सांगते. आपण आपली कमाल रक्कम गुपचूप टाकून ठेवायची आणि साइटने आपल्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत न्यायची, अशी पद्धत. कोणी स्पर्धेत नसेल तर वस्तू कमाल रकमेच्या खूप खालीही मिळते. माझ्या लिलावात शेवटच्या दिवशी एक बोलीदार उगवला. बोलीदारांची नावं झाकलेली असतात, पहिलं-शेवटचं अक्षर आणि मध्ये तीन फुल्या. त्याच्यापुढे शेऱ्यांची संख्या शून्य. तो थोडं थोडं वाढवत माझ्या कमाल रकमेच्या एक पायरी खाली येऊन थांबला. एकदा तो वर गेला होता, पण ती बोली लगेच मागे घेतली. सेलरचाच माणूस असेल असं मी आज म्हणते, पुरावा काही नाही. पण चाचपून कमाल किती ते काढायचं आणि मग एक पायरी खाली उतरायचं, हा जुना डाव आहे. असा बोलीदार दिसला की तिथून उठावं. मी उठले नाही. जिंकले आणि नाचले.

जिंकल्यावर त्याचा फोन आला. आवाज गोड. “मॅडम, साइटवरून पैसे भरलेत तर कमिशन जातं. सरळ खात्यात टाका, कुरिअरचा खर्च माझा.” मी दोन तासांत पैसे टाकले. साइटचं खरेदीदार संरक्षण फक्त साइटवरून भरलेल्या पैशांना मिळतं, हे मी अटींमध्ये वाचलेलं होतं. म्हणजे अज्ञानाची सबबही मला नाही. कुरिअरचे चार पैसे वाचवायच्या नादात मी स्वतःच्या हाताने कुलूप काढून ठेवलं.

पार्सल आलं. बाहेरून लेन्स छान दिसली. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याचं जाळं. बुरशी. दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती काचेवरच्या लेपावर वाढते आणि लेप खाऊन टाकते. साफ केली तरी वण राहू शकतात. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळं धुरकट येतं. मी मुकाट्याने डबीत परत ठेवली आणि त्याला मेसेज केला.

उत्तर दहा मिनिटांत. ‘अरेरे, वाहतुकीत झालं असेल. काळजी करू नका.’ वाहतुकीत काच तडकते, बुरशी उगवत नाही. तरीही मला ते उत्तर वाचून बरं वाटलं, कारण माणूस भांडत नव्हता. पुढचे सात आठवडे तो कधीच भांडला नाही. दुसरी लेन्स पाठवतो म्हणाला. मग ती मित्राकडे आहे, आणतो म्हणाला. मग गावाला गेला. मग त्याच्या घरी आजारपण निघालं आणि मीच त्याला ‘तब्येतीकडे लक्ष द्या’ असं लिहिलं. हे वाचून हसू आलं तर हसा.

त्या साइटवर लिलाव संपल्यापासून ६० दिवस शेरा देता येतो. ही टोलवाटोलवी त्या ६० दिवसांसाठी होती, हे माझ्या लक्षात ५१व्या दिवशी आलं. तेही निराळ्याच कारणाने.

पार्सलची वाट पाहताना मी उतावळेपणाने त्या लेन्सचा फोटो मोबाइलच्या वॉलपेपरला लावला होता. एव्हाना लिस्टिंग, म्हणजे लिलावाचं ते पान, उडवलेली होती, फोटो गायब. पण वॉलपेपर तसाच होता. एका संध्याकाळी सहज नजर गेली तर रिंगवरच्या नंबरचे शेवटचे तीन अंक ४१७. हातातल्या लेन्सवर वेगळेच. म्हणजे फोटोतली लेन्स माझ्याकडे कधी आलीच नव्हती. चांगली लेन्स दाखवायची, वाईट पाठवायची. आणि चांगली पुन्हा दाखवायला कपाटात.

मी नंबरांचे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवले. मेसेजला उत्तर आलं नाही, फोन आला. आवाज तोच, गोडवा नाही. “फोटो नमुन्यादाखल असतात. आणि हे बघा, तुम्ही मला लाल दिलात तर मीही देणार. माझे चौदाशे आहेत. तुमचे किती? तेवीस?” मग पुन्हा समजुतीच्या सुरात, “आधी छानसा शेरा द्या, मग थोडे पैसे परत करतो.”

आधी शेरा, मग पैसे. ही सरळ खंडणी आहे. कित्येक साइटच्या नियमांत शेऱ्याच्या धमकीवर वसुली करायला बंदी आहे आणि ती लेखी सिद्ध झाली तर शेरा काढलाही जातो. पण माझ्याकडे लेखी काय होतं? मागचे सगळे मेसेज मी पुन्हा वाचून काढले. लेखी सगळं मधाळ होतं, ‘मॅडम’, ‘नक्की’, ‘माझ्यावर विश्वास ठेवा’. कडू जे बोलायचं ते त्याने फोनवर बोललं होतं. सौद्याबद्दल सेलरचा फोन आला की ‘हेच साइटच्या मेसेजमध्ये लिहा’ एवढं म्हणून ठेवून द्यावा.

५३व्या दिवशी मी शेरा दिला. पहिल्या मसुद्यात ‘चोर’ हा शब्द दोनदा होता. तो काढला, कारण शिवीगाळ असलेला शेरा सेलर तक्रार करून उडवून घेऊ शकतो आणि वाचणाऱ्यालाही लिहिणाराच भांडकुदळ वाटतो. ८० अक्षरांची मर्यादा. शेवटी लिहिलं: ‘फोटोतली लेन्स वेगळी, आलेली वेगळी. आत बुरशी. ५२ दिवस टोलवाटोलवी.’

अकरा मिनिटांत माझ्या नावावर लाल शेरा पडला. ‘पैसे थकवणारी, धमक्या देणारी खरेदीदार. सावध राहा!!!’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, तीन उद्गारचिन्हांसकट. पैसे मी दोन तासांत भरले होते.

आता हिशोब बघा. माझे २३ हिरवे, त्यात एका लालची भर, १०० टक्क्यांवरून थेट ९५.८. त्याचे १४१२ हिरवे, लाल आठाचे नऊ झाले. आधी ९९.४, नंतरही ९९.४. पहिल्या दशांशापर्यंत काही हललंच नाही. दगड दोघांनी मारला, पण एक काचेच्या घरात आणि एक किल्ल्यात.

मग मी ते केलं जे बोली लावण्याआधी करायला हवं होतं. त्याला आलेले शेरे सोडून, त्याने इतरांना दिलेले शेरे उघडले. आठही तक्रारदारांना त्याने लाल दिलेला होता, बहुतेकांना त्याच दिवशी. ‘पैसे थकवणारा, धमक्या देणारा’ हे शब्द पाच ठिकाणी जसेच्या तसे. पानाच्या तळाशी बारीक करड्या अक्षरांत आणखी एक ओळ होती: परस्पर संमतीने मागे घेतलेले शेरे, ३१. एकतीस जणांनी तक्रार केली, उलटा लाल शेरा खाल्ला, आणि ‘तू काढ, मी काढतो’ म्हणून गप्प बसले. ते टक्क्यांत धरले जात नाहीत. हिरव्या चौदाशेत बहुतेक लेन्सच्या टोप्या, फिल्टर, पुसायची फडकी. स्वस्त वस्तू प्रामाणिकपणे विकून नाव कमवायचं आणि महाग वस्तूत ते वटवायचं. विक्रेत्याच्या पानावर टक्के सगळ्यात शेवटी बघावेत, आधी या तीन जागा.

रागाच्या भरात मी या विषयावर बरंच वाचत सुटले. ईबे हे लिलावाचं अमेरिकी संकेतस्थळ १९९५ साली सुरू झालं. तिथली पहिली विक्री बिघडलेल्या लेझर पॉइंटरची, १४.८३ डॉलरला, पण घेणाऱ्याला तो बिघडलेला असल्याचं माहीत होतं. मोडकी वस्तू सांगून विकली तर कोणाचीच हरकत नसते. एकमेकांना शेरे देण्याची सोय १९९६मध्ये आली. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी तिथल्या १९९९च्या व्यवहारांची आकडेवारी तपासली, तेव्हा साधारण निम्म्या खरेदीदारांनी शेरा दिलेला होता आणि दिलेल्यांपैकी ९९.१ टक्के चांगले होते. वाईट ०.६ टक्के. परक्या माणसांकडून न पाहता घेतलेल्या वस्तूंत हजारी सहाच जण नाराज? माझा विश्वास बसत नाही. उलटा शेरा नको म्हणून तक्रारी गिळणं इतकं वाढलं की २००८मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराला वाईट शेरा देण्याची मुभाच काढून घेतली. विक्रेत्यांनी तेव्हा बरीच ओरड केली आणि त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं, कारण खोटं बोलणारे, वस्तू वापरून परत पाठवणारे ग्राहक असतातच. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४मध्ये दुसरा मार्ग काढला. दोघांनी लिहीपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत दोघांचेही शेरे झाकलेले, मग एकदम उघडायचे. समोरच्याने काय लिहिलंय हेच माहीत नसेल तर सूड कशाचा उगवणार? मी ज्या साइटवर फसले तिथे यातलं काहीच नाही.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात शेरा द्यावा म्हणजे उलटा द्यायला वेळच उरत नाही, असं अनुभवी लोक सांगतात. उपाय चालतो. पण तोवरचे दोन महिने पुढचे खरेदीदार आंधळेच राहतात, म्हणून मला तो निम्माच पटतो.

आणि आता माझी स्वतःची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सेलरकडून घेतलेला फ्लॅश पेटलाच नव्हता. रक्कम किरकोळ, माझं खातं नवीन, नावावर डाग नको म्हणून मी ‘छान व्यवहार, धन्यवाद’ लिहून हिरवा दिला होता. त्यानंतर त्या माणसाकडून कोणी काय घेतलं, मला माहीत नाही. त्याच्या टक्क्यांत मात्र मी आहे. या सेलरच्या चौदाशेमध्ये माझ्यासारख्या किती जणी असतील, हा विचार आला आणि त्याच्यावरचा राग जरा वेळ माझ्याकडेच वळला.

साइटकडे तक्रार केली. पैसे बाहेरून भरले, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. शेऱ्यातल्या मजकुराची सत्यता आम्ही तपासत नाही. दोन ओळींचं उत्तर. तीन दिवसांनी त्याचा प्रस्ताव आला, साइटच्याच बटणावरून: दोघांनी शेरे मागे घ्यावेत. म्हणजे मी बत्तिसावी. मी दोन दिवस घुटमळले, खोटं कशाला सांगू. दरम्यान माझ्या दोन बोल्या इतर सेलरनी लाल शेरा बघून रद्द केल्या होत्या. तिसऱ्याने रद्द करण्याआधी विचारलं, मी नंबरांचे दोन फोटो पाठवले, त्याने वस्तू दिली. शेवटी मी ‘नकार’ दाबलं. पैसे बुडाले ते बुडालेच.

त्याच्या लाल शेऱ्याखाली मी एकच ओळ उत्तर म्हणून ठेवली आहे: ‘पैसे दोन तासांत भरले, पावती आहे.’ जास्त काही नाही.

महिन्याभराने एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. ‘ताई, तुमचा शेरा वाचला. ५० एमएमची लेन्स आहे, नऊ फोटो, आज रात्री लिलाव संपतोय. तुमच्या फोटोतल्या लेन्सचा नंबर काय होता?’

मी लिहिलं, शेवटचे तीन अंक ४१७.

‘तीच आहे,’ तो म्हणाला. त्याने अजून बोली लावली नव्हती, लावणारही नव्हता. मी साइटला पुन्हा कळवलं, दोन्ही फोटो जोडून. रात्री लिलाव उघडून बसले. वेळ संपली तोवर लिस्टिंग जागच्या जागी होती आणि लेन्स चांगल्या रकमेला गेली. कोणाला कळवावं म्हणून मी जिंकणाऱ्याचं नाव शोधलं. पहिलं अक्षर, तीन फुल्या, शेवटचं अक्षर.