आजीच्या आठवणींचे पुस्तक: एका सेवेचा अनुभव

आजी वयाच्या ९२व्या वर्षी गेली. काही महिन्यांनी आम्ही जुनी छायाचित्रे आणि कागद स्कॅन करून त्यांचे बांधीव पुस्तक करून देणाऱ्या एका सेवेकडे तिच्या आठवणींचे पुस्तक करायला दिले. असे काही करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

अडचण पहिल्याच दिवशी आली. अकरा अल्बम चाळून आजीची छायाचित्रे निघाली जेमतेम २३, आणि त्यांतल्या बहुतेकांत ती अगदी कडेला, कुणाचे तरी मूल कडेवर घेऊन उभी. जिच्या जिवावर घर चालले ती छायाचित्र काढायच्या वेळी नेहमी आत कामात असे. एवढ्यावर तिचा संसार मावणार नाही, हे काम पाहणाऱ्या बाईंनीच ओळखले आणि तिच्या हाताने लिहिलेले काही आहे का, असे विचारले. या एका प्रश्नासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन.

आजीची मापांची वही होती. घरातल्या सगळ्यांचे कपडे तीच शिवत असे. प्रत्येकाच्या नावाखाली उंची, छाती, बाही, गळा आणि तारीख. बाबांच्या पानावर बाहीचे माप वर्षागणिक वाढत जाते आणि एका ठिकाणी बारीक अक्षरात लिहिले आहे, 'मुलगा उंच होणार, दोन बोटे माया जास्त ठेवली.' (माया म्हणजे शिवणीत जादा सोडलेले कापड.) माझ्या पानापर्यंत तिचे अक्षर थरथरू लागले आहे, पण पाव इंचाचाही हिशेब सुटलेला नाही.

स्कॅनिंग उत्तम झाले. लहान छायाचित्रे ६०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू) घेतल्यामुळे ३०० डीपीआयच्या छपाईत ती दुप्पट आकाराची करूनही फुटली नाहीत, आणि स्कॅनच्या मूळ फाइल टिफ स्वरूपात मिळाल्या, ज्यात जेपेग या नेहमीच्या छायाचित्र-फाइलसारखा तपशील गळत नाही. चिकट पानांच्या अल्बममधली छायाचित्रे ओढून न काढता त्यांनी पानासकट स्कॅन केली, हेही योग्यच. वहीतली पेन्सिल अजून ठसठशीत आहे. बॉलपेनच्या फिकट नोंदी मात्र त्यांना जपून उठावदार कराव्या लागल्या.

एका गोष्टीचे मनापासून वाईट वाटले. पहिल्या नमुना प्रतीत त्यांनी न विचारता आजीच्या चेहऱ्यावरच्या आणि हातांवरच्या सुरकुत्या संगणकावर पुसून टाकल्या होत्या. सुईने खरबरीत झालेले तिच्या तर्जनीचे टोकही गुळगुळीत केले होते. ती आमची आजी राहिलीच नव्हती. आम्ही प्रत परत पाठवली. त्यांनी तक्रार मान्य करून सगळी चित्रे मूळ रूपात घेतली, पण त्यात तीन आठवडे गेले. म्हणून काम देतानाच 'डाग आणि ओरखडे काढा, चेहऱ्याला हात लावू नका' असे लेखी कळवावे.

कागद आम्लविरहित, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा आहे. तो बिनचकाकीचाही आहे, त्यामुळे दिव्याखाली पान चमकत नाही. बांधणी शिवलेली असल्याने पुस्तक सपाट उघडते आणि वहीची दोन्ही पाने मध्ये न दबता एकसलग दिसतात. मूळ वही सुट्या पानांसह, क्रम न बिघडवता परत आली. बाबा पुस्तक उघडतात ते थेट आपल्या पानावर, आणि त्या ओळीवरून बोट फिरवत बसतात.