एरिका की शेवंती?

परदेशातल्या नणंदेने बर्फातून डोकावणाऱ्या गुलाबी एरिकाचा फोटो पाठवला आणि फोंड्याच्या अंगणात तीच लावायचं माझ्या डोक्यात शिरलं. एरिका कार्निया आल्प्सकडची: वीतभर झुडूप, सुईसारखी पानं, ऐन थंडीत फुलणारं. तिकडे ती फुलली नाही तर बऱ्याचदा दोष कात्रीचा. कळ्या थंडीच्या कितीतरी आधीच धरलेल्या असतात, म्हणून छाटणी फुलं सरल्या सरल्या, वसंतात करायची. शरदात छाटलं की कळ्याच गेल्या.

आपली जांभ्याची आम्लधर्मी माती तिला चालली असती. पण इथे जानेवारीतली रात्रसुद्धा 20 अंशांच्या आसपास, वर चार महिन्यांचा दमट पावसाळा. कुंडी एसीच्या खोलीत ठेवणार का? मी तरी नाही.

त्यापेक्षा आपली शेवंती बरी. तिला फुलायला हवी लांब, काळोखी रात्र. आमची एक कुंडी दोन वर्षं नुसती पानं काढत होती. त्याच मातीतली दुसरी, विहिरीकडची, पिवळीधमक डवरायची. खताला, कलमाला, सगळ्यांना बोल लावून झाले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, तो दिवा बघ." पायरीवरचा बल्ब रात्रभर जळायचा, कुंडी बरोबर त्याच्याखाली. ती विहिरीकडे हलवली आणि त्या डिसेंबरात शेंड्यांवर हिरवे मणी दिसले. शेंडे खुडायचे ते पावसाळ्यात. चवथीनंतर हात लावायचा नाही.

एरिकाचा फोटो फ्रिजवर लावलाय.